वयात येण्याच्या कादंबरीतला बाहेरचा माणूस: किती दाखवायचा, कधी घालवायचा?

काळी_माती:
मंडळी, कादंबरीचा दुसरा खर्डा झालाय, साधारण 70 हजार शब्द. काळ 1983-84. गाव यावल तालुक्यातलं, कापसाचं. नायक तेरा वर्षांचा, शेतकऱ्याचा मुलगा. जवळच्या जिनमध्ये (कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात) हंगामापुरता एक फिटर येतो, नागपूरकडचा. मुलगा त्याच्या नादी लागतो आणि हंगाम उलगेपर्यंत शहाणा होतो, असा ढाचा. फिटर त्याला पुस्तकं देतो, जगाच्या गोष्टी सांगतो, शेवटी अपघातात मरतो. मुलाचा बाप कापूस व्यापाऱ्याला घालतो, त्यात फसतो, हे दुसरं सूत्र.

तिघांनी वाचलं. दोघं म्हणाले, फिटर तोंड उघडतो तेव्हा सुविचारच पडतो. तिसरा म्हणाला, फिटर काढून टाकला तरी कादंबरीला काही होत नाही. हे जास्त झोंबलं. अशा पात्राचं नेमकं काम काय असतं? त्याला किती पानं द्यायची? संवाद अहिराणीत आहेत, निवेदन प्रमाण मराठीत.

तापीकाठ:
तिसऱ्या वाचकाला शेवभाजी खाऊ घाला, त्याने तुमचं वर्षभराचं काम वाचवलंय.

बाहेरचा माणूस पोराला शिकवायला येत नाही. शिकवायला शाळेत मास्तर आहेत, घरी आजी आहे. त्याच्यामुळे पोराला पहिल्यांदा काहीतरी लपवावं लागतं, हे त्याचं काम. तेरा वर्षांच्या पोराला घरापासून लपवण्यासारखं काही मिळालं, की त्याचं एकट्याचं असं जग सुरू होतं. तुमच्या खर्ड्यात फिटर देतो आणि पोरगा घेतो. फिटरला पोराकडून काय हवंय? तिथे पान कोरं आहे, म्हणूनच तो सुविचार बोलतो. ज्याला स्वतःची गरज नसते ते पात्र दुसऱ्याला उपदेश करत सुटतं.

डिकन्सचा मॅग्विच आठवा. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या पहिल्याच प्रकरणात हा पळालेला कैदी पिपला धरतो आणि कानस व खायला मागतो. उपदेश नाही, धमकी. पिपला घरातून चोरी करावी लागते. मग थोड्याच प्रकरणांत मॅग्विच पकडला जातो आणि 59 प्रकरणांच्या कादंबरीत थेट 39व्या प्रकरणात परत येतो. मधे तो पानावर नाही, तरी सगळं त्याच्याच पैशावर चाललेलं असतं. किती पानं द्यायची, याचं एक उत्तर तिथे आहे.

दुसरं उत्तर हार्पर लीच्या 1960च्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीत. बू रॅडली हा शेजारीच राहतो, पण मुलांच्या लेखी तो बाहेरचाच. 31 प्रकरणांपैकी तो समोर उभा राहतो ते शेवटच्या दोन-तीन प्रकरणांत. तोवर फक्त अफवा आणि झाडाच्या ढोलीत ठेवलेल्या वस्तू: च्युइंगम, नाणी, साबणाच्या कोरलेल्या बाहुल्या. मग त्याचा भाऊ ती ढोली सिमेंटने बुजवतो, आणि त्या मुलांपैकी जेम दारात उभा राहून रडतो. बू तिथे नाही, एक शब्दही बोललेला नाही. तुमच्या फिटरची पुस्तकं काढा आणि पोराच्या खिशात मावेल अशी एक वस्तू द्या. जिनमधलीच द्या.

रुईगाठ:
तपशिलात चुका आहेत, पण त्या दुरुस्त केल्या तर तापीकाठ म्हणतात ती गरज आपोआप मिळेल.

एक. 1983-84 साली बाप कापूस व्यापाऱ्याला उघडपणे घालू शकत नाही. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. योजनेच्या खरेदी केंद्रावरच न्यायचा, तिथे प्रतवारी करणारा ग्रेडर, बैलगाड्यांची रांग, आणि चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, कधी मिळतील ते मिळतील. म्हणून लोक काय करत? रात्री गाड्या भरून सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात. तिकडे ही योजना नव्हती आणि पैसे रोख. तुमची अर्धी कादंबरी या एका रस्त्यावर पडली आहे, आणि तुम्ही व्यापारी शोधत बसलात.

दोन. मग गाव यावलमध्ये कशाला? शिरपूर तालुक्यात हलवा. मुंबई-आग्रा रस्ता, पळासनेर, पुढे बिजासन घाट आणि मध्य प्रदेशातलं सेंधवा. घाटात भरलेला ट्रक बंद पडला की त्याला हात लावणारा माणूस लागतो. फिटर.

तीन. नागपूरचा फिटर का आणला? 1983 साली फिटर कुठून येईल, तर मुंबईहून. 18 जानेवारी 1982 पासून गिरण्यांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी. गिरणगावातला एक फिटर हंगामापुरता जिनवर येतो, मागे खोलीचं भाडं थकलेलं, बायको मुलं तिकडेच. त्याला पैसा हवाय आणि तो लवकर हवाय. आता तो घाटातल्या ट्रकला नाही म्हणणार नाही. आणि त्याला गावातला एक पोरगा हवाय, कारण कोणाची गाडी कधी निघणार हे त्याला कोणी सांगत नाही, पोराला मात्र सगळं ऐकू येतं. बघा, देणंघेणं उलटं झालं.

चार. गिरणीतला फिटर सूतकताईची यंत्रं जाणतो, जिन नाही. पहिला आठवडा त्याची फजिती दाखवा. रोलर जिनमध्ये चामड्याचा रोलर तंतू ओढून घेतो, त्याला टेकलेला चाकू सरकी अडवतो. चाकू जास्त दाबला की चामडं तापतं, करपल्याचा वास सुटतो, रुई डागाळते. ढिला ठेवला तर उतारा, म्हणजे निघणाऱ्या रुईचं प्रमाण, घटतो. एक क्विंटल कपाशीतून 33-35 किलो रुई निघायला हवी, ती कमी भरली की मुकादम आरडाओरडा करणारच. जिनमधली जुनी बाई वासावरून सांगते, फिटरला कळत नाही. चुकणारा माणूस सुविचार बोलू शकत नाही, हा फायदा वेगळाच. खिशातली वस्तू हवी असेल तर झिजलेल्या रोलरच्या चामड्याची चकती द्या. वास महिनाभर जात नाही, आईला धुण्यात सापडते.

शे_ना_भो:
रुईगाठांनी गाव हलवायला सांगितलं ते भाषेसाठीही बरोबर आहे. यावल-रावेरकडे अहिराणी नाही, लेवा बोली चालते. तिकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी अहिराणीचा ‘शे’ (आहे) घातलात तर पहिल्याच पानावर जळगावचा वाचक पुस्तक मिटेल. शिरपूरला ‘शे’ चालेल. आणि नागपूरचा फिटर गेला ते बरंच झालं. तो ‘मले’ म्हणणार, पोरगा ‘माले’, दोघांत एका कान्याचा फरक. वाचकाच्या कानाला परकेपणा लागणारच नाही. मुंबईकर ‘मला’ म्हणतो, आता फट दिसते.

ही फट वापरा, पण अहिराणीचं प्रदर्शन मांडू नका. शंभर ठिकाणी बोली घालून तळाला अर्थ देण्यापेक्षा चार-पाच खुणा पक्क्या धरा: माले (मला), तुले (तुला), मना (माझा), शे, करी ऱ्हायना (करतोय). पहिल्या भागात पोरगा सगळीकडे याच बोलतो. फिटर त्याला हसतो, एकदाच. मग पोरगा फिटरपुढे ‘मला’ म्हणायला लागतो आणि घरी ‘माले’. एका वाक्यातही हे सांगू नका, नुसतं करा.

मग ट्रक पकडला जातो. पोलीस घरी येतात, फिटर रात्री कुठे होता म्हणून पोराला विचारतात. पोरगा म्हणतो, “मला माहीत नाही.” बाप मान वर करून त्याच्याकडे बघतो. दोनशे पानं हे पोरगं ‘माले माहीत नही’ म्हणत आलंय. खोटं कोणाच्या भाषेत बोललं गेलं, हे बापाला कळलं, हवालदाराला कळलं नाही. प्रसंगाला दुसरं काही लागत नाही. निवेदकाने तिथे तोंड उघडलं तर सगळं पाण्यात.

आखाजीची_झोका:
एक आडवं बोलते. गावात बाहेरचा म्हणून दरवेळी पुरुषच उतरतो, एसटीतून, हातात ट्रंक घेऊन. घरात नवी आलेली सून ही तितकीच बाहेरची असते, तिच्याही बोलीला घर हसतं, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती माहेरी गेली की घरातल्या मुलीला रिकामं म्हणजे काय ते कळतं. काळी_माती, तुमच्या नायकाला वहिनी आहे का? असेल तर ‘मला’ची चोरी पहिल्यांदा तिने पकडावी. तिला ही चोरी ओळखीची आहे.

आणि शिरपूरला गाव हलवताय तर सातपुड्यातून कामाला येणारे पावरा आदिवासी जिनमध्ये, शेतात दिसतील. त्यांना ‘गूढ परके’ करू नका. त्या डोंगरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मुंबईच्या फिटरपेक्षा तर कितीतरी आतले. खर्ड्यात कोणी पावरा म्हातारा पोराला जंगलाचं ज्ञान वगैरे देत असेल तर ते प्रकरण आजच उडवा.

काळी_माती:
(म्हातारा आहे. उडवला.)

वहिनी आहे, पण ती आत्तापर्यंत भाकरीच थापतेय. दोन शंका राहिल्या. फिटरचं मरण ठेवू की नको? आणि निवेदन मोठा झालेला नायक करतो, चाळिशीचा. तो मधूनमधून ‘तेव्हा मला कळलं नाही की’ असं म्हणतो. चालेल?

तापीकाठ:
मरण काढा. फिटर मेला की पोराचा हिशेब लेखकाने चुकता केला असं होतं. रडून मोकळा होतो, वाचकही होतो. जिवंत जाऊ द्या. हंगाम उलगतो, जिनचा भोंगा बंद होतो, त्याचा पगार होतो आणि तो पहाटेच्या गाडीने निरोप न घेता जातो. पोरगा खोटं बोलला हे त्याला कळलंय की नाही, तेही सांगू नका. आभार न मानता गेलेला माणूस डोक्यात जास्त दिवस राहतो.

पानांचं गणित, तुमच्या 70 हजारांवर. कपाशीची पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, तिथे जिन सुरू होते. फिटर आठ हजाराच्या आत आणा, पण त्याआधी गाव त्याच्याशिवाय कसं आहे ते उभं करून घ्या, नाहीतर फरक कशाशी मोजायचा? तो प्रत्यक्ष समोर असलेली पानं 18-20 हजार शब्दांच्या वर नेऊ नका. ट्रक पकडला जाणं 45 हजाराच्या आसपास. 55 हजाराला तो गेलेला असावा. उरलेले 15 हजार त्याच्याविना, उन्हाळ्यातले, आखाजीपर्यंत. बरेच जण इथेच घाबरतात आणि पाहुणा गेल्यावर दोन पानांत आवरतं घेतात. पोरगा मोठा झाला की नाही ते या रिकाम्या महिन्यांतच दिसतं: तो बापासोबत केंद्रावर रांगेत उभा राहतो का, ग्रेडरशी कोणत्या भाषेत बोलतो.

निवेदकाचं ‘तेव्हा कळलं नाही’ पूर्ण पुस्तकात दोनदाच ठेवा. तो शब्द आला की वाचक पुढची चार पानं संशयाने वाचतो, आणि सुविचार मागच्या दाराने परत येतात. चाळिशीच्या माणसाला जास्त कळतं हे दाखवायचंच असेल तर आकड्यांत दाखवा. पोराला गाडीभर कापूस दिसतो, चाळिशीच्या माणसाला त्यातली रुई, गाठी आणि बापाचे थकलेले चुकारे.

रुईगाठ:
रुईची गाठ 170 किलोची घ्या, हिशेब करणारे वाचक आहेत.

काळी_माती:
घेतो. भाऊ, एकच. पोलीस विचारतात तेव्हा वहिनी त्या खोलीत असावी का?

आखाजीची_झोका:
खोलीत नको. मधल्या दारापलीकडे, चुलीशी. भाकरी थापण्याचा आवाज तेवढा थांबू दे.