भाच्याचा पीसी: रायझन ५६०० पुरे, एएम५ कशाला?

काटकसरी:
भाच्याला पीसी जोडून द्यायचाय. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ. खेळ म्हणजे व्हॅलोरंट रोज, सायबरपंक सुट्टीत, बाकी कॉलेजचं कोडिंग आणि क्रोमचे ढीगभर टॅब. माझं मत ठरलंय: एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, पंखा डब्यातच. घरातली डीडीआर४ रॅम चालते. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात. यूट्यूबवर जो तो एक्स३डीची (एएमडीच्या जास्त कॅशवाल्या प्रोसेसरची) आरती ओवाळतोय, पण त्या चाचण्या कशा घेतात बघा: बाजारातलं सगळ्यात महाग कार्ड, तेही १०८०पीवर. असा जोड कुणाच्या घरी असतो?

सॉकेटपंथी:
अहो, महाग कार्ड मुद्दाम लावतात! कार्डच धापा टाकायला लागलं तर सगळे प्रोसेसर सारखेच दिसणार, मग तुलना कसली? भाच्याने दोन-तीन वर्षांनी कार्ड बदललं की तोच फरक घरी दिसेल. शिवाय ५६०० बसतो त्या जुन्या एएम४ सॉकेटमध्ये (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) ५८००एक्स३डीच्या पुढे गेमिंगला वाट नाही, आणि तो नवा मिळणं मुश्कील. नवं सॉकेट एएम५ २०२२ला आलं, २०२७ पर्यंत ते चालू ठेवू असं एएमडीने सांगितलंय. आज त्यावरचा रायझन ५ ७६०० घ्या. पुढे त्याच बोर्डावर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी बसवा.

काटकसरी:
"पुढे बदलू" म्हणणारे खूप पाहिलेत. बदलायची वेळ येते तेव्हा पोरगं नोकरीला लागून लॅपटॉप घेऊन बसलेलं असतं. आणि एएम५ म्हणजे डीडीआर५ सक्तीची. त्या रॅमचे भाव बघितलेत ना?

इंटेलवाला:
कुणी इंटेलच्या १२४००एफचं नावही काढू नये? सहा कोअर, आणि डीडीआर४चा बोर्ड घेतला की तुमची रॅम वाचली.

सॉकेटपंथी:
तेच ना, जिथे बोर्ड चौदाव्या पिढीवर संपतो! आणि तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरचे चिप जास्त व्होल्टेजने खराब व्हायला लागले, तेव्हा इंटेलला २०२४मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) बदलावा लागला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

इंटेलवाला:
१२४००एफ बाराव्या पिढीचा, त्या पिढीला ते दुखणं नव्हतं. उगाच एका माळेत ओवू नका.

रात्रपाळी_गेमर:
भांडण्याआधी एक करा. भाच्याच्या मित्राच्या पीसीवर हेच खेळ लावा, एफपीएसची (सेकंदाला किती चित्रं) मर्यादा आणि व्ही-सिंक (चित्रं मॉनिटरच्या वेगाला बांधणं) काढा, आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर बघा. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रोसेसर बदलून काहीही होत नाही. ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर कार्ड रिकामं बसलंय, प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाहीये. व्हॅलोरंटमध्ये बहुतेक कार्ड रिकामं दिसेल, सायबरपंकमध्ये सेटिंग वर नेली की भरलेलं. एक्स३डीची सगळी जादू कॅशमध्ये, म्हणजे चिपवरच्या छोट्या झटपट स्मृतीत आहे: ५६००मध्ये एल३ कॅश ३२ एमबी, ७८००एक्स३डीमध्ये ९६. खेळाला लागणारा डेटा चिपवरच सापडला की रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात, आणि मध्येच बसणारे झटके कमी होतात. क्रोमला याचं काडीचंही सोयरसुतक नाही. त्याला रॅम आणि एसएसडी द्या.

काटकसरी:
१४४ हर्ट्झच्या मॉनिटरला व्हॅलोरंटमध्ये ५६०० पुरून उरतो. मग त्या जादूचं करायचं काय? मी माझ्या मतावर ठाम.

लॅमिंग्टन_रोडकर:
घ्या, पण दुकानदार "तेच आहे साहेब" म्हणत ५६००जी गळ्यात मारेल, तो घेऊ नका. कॅश निम्मी, १६ एमबी, आणि कार्ड जोडणारा मार्ग जुन्या पीसीआयई ३वरच थांबतो. कार्ड लावणार असाल तर त्याच्या आतल्या ग्राफिक्सचा उपयोग शून्य.

सॉकेटपंथी:
शून्य कसा? कार्ड वॉरंटीत गेलं की साध्या ५६००वर स्क्रीन काळी. ७६००मध्ये छोटं ग्राफिक्स आतच आहे, खेळ नाही पण कोडिंग चालू राहील. परीक्षेच्या आठवड्यात भाच्याला विचारा, कोणता हवा.