गो मध्ये जेसन पार्स करताना टाइपचा घोळ: मॅप ठेवू की स्ट्रक्ट?

पहाटकोड:
मंडळी, एका बाहेरच्या एपीआयचा (दुसऱ्याच्या सर्व्हरकडून डेटा मागायची सोय) जेसन, म्हणजे मजकुराच्या रूपातला डेटा, गो या भाषेत घ्यायचाय. आधी हेच पायथनमध्ये होतं, डिक्शनरी मिळायची, हवी ती की उचलायची, विषय संपला. इथे त्यांचं डॉक्युमेंटेशन अर्धवट आहे म्हणून सगळा रिस्पॉन्स स्ट्रिंग-टू-एम्प्टी-इंटरफेस मॅपमध्ये (की स्ट्रिंग, व्हॅल्यू कुठल्याही टाइपची) अनमार्शल केला, म्हणजे पार्स करून भरला, आणि आता दर ओळीला टाइप असर्शन, म्हणजे आतली व्हॅल्यू अमुक टाइपची आहे असं सांगणं, लिहितोय. क्वांटिटी इंट (पूर्णांक) म्हणून काढायला गेलो तर पॅनिक होऊन प्रोग्रॅम बंद, म्हणे आत फ्लोट६४ (दशांशवाला नंबर) आहे. जेसनमध्ये तर सरळ ५ लिहिलंय!

त्याहून वाईट म्हणजे आयडी. तिकडून ९००७१९९२५४७४०९९३ येतो आणि माझ्याकडे शेवटी ९९२ होतो, एरर वगैरे काही नाही. किंमत कधी नंबर येते तर कधी कोट्समध्ये. आणि डीटेल्स नावाचं फील्ड एरवी ऑब्जेक्ट असतं, पण रिकामं असलं की चौकोनी कंस येतो. स्ट्रक्ट (ठरलेल्या नावांच्या आणि टाइपच्या फील्ड्सचा गट) करून बघितलं तर तिथेच एरर. तुम्ही लोक अशा डेटाचं काय करता?

टाइपवेडी:
आयडीचं आधी बघ, कारण ते गुपचूप बिघडतंय. जेसनमध्ये इंट आणि फ्लोट असे वेगळे प्रकारच नाहीत, नुसता नंबर. तू टाइप सांगितला नाहीस तर गो ची स्टँडर्ड लायब्ररी प्रत्येक नंबर फ्लोट६४ मध्ये टाकते, आणि त्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतचेच सगळे पूर्णांक नेमके बसतात. तुझा आयडी त्याच्या पुढे एकाने आहे, म्हणून तो जवळच्या आकड्यावर जाऊन बसला. जावास्क्रिप्टचंही हेच दुखणं, ट्विटरच्या एपीआयमध्ये आयडीसोबत त्याची स्ट्रिंग वेगळी द्यायला लागले ते यामुळेच.

स्ट्रक्टमध्ये फील्ड इंट६४ ठेव, आकडा जसाच्या तसा येईल, मध्ये फ्लोट येतच नाही. मॅपच ठेवायचा असेल तर डीकोडर बनवून त्यावर यूजनंबर लाव, मग नंबर मूळ मजकुराच्या रूपात हातात येतो आणि इंट करायचा की फ्लोट ते तू ठरवतोस.

जुनासर्व्हर:
डीटेल्सचं सांगतो, पलीकडे बहुतेक पीएचपी भाषा आहे. तिथे लिस्ट आणि की-व्हॅल्यू दोन्ही एकाच अ‍ॅरेमध्ये राहतात, त्यामुळे रिकामा अ‍ॅरे एन्कोड केला की तो ऑब्जेक्ट होता हे कळायला मार्ग नसतो आणि चौकोनी कंस बाहेर पडतो. त्यांना सांगून बघ, ऑब्जेक्टमध्ये कास्ट केलं की त्यांच्याकडे एका ओळीत सुटतं. नाही ऐकलं तर डीटेल्ससाठी वेगळा टाइप कर आणि त्याला अनमार्शलजेसन मेथड दे, पार्स करताना लायब्ररी तीच बोलावते. आत आलेल्या बाइट्सचा पहिला कॅरॅक्टर बघायचा, चौकोनी कंस असेल तर रिकामा सोडून नील एरर (नील म्हणजे काहीच नाही) परत, महिरपी असेल तर नेहमीसारखं पार्स. किंमतीलाही हीच युक्ती, पहिला कॅरॅक्टर कोट असेल तर आधी कोट काढायचे. फील्ड टॅगमध्ये (स्ट्रक्टच्या फील्डपुढे लिहायची सूचना) स्ट्रिंग ऑप्शन असतो पण तो कायम कोट्समध्ये येणाऱ्या नंबरसाठी, कधी असं कधी तसं याला तो चालत नाही.

पहाटकोड:
@टाइपवेडी इंट६४ ने आयडी बरोबर आला, आभार. पण मग प्रत्येक रिस्पॉन्ससाठी स्ट्रक्ट लिहायचा? पन्नासेक फील्ड आहेत, मला सातआठच लागतात. आणि फील्ड आलं नाही तरी गो ० च भरतो, मग क्वांटिटी खरंच ० आली का आलीच नाही हे कसं ओळखू?

टाइपवेडी:
सातआठच लिही ना, बाकीच्या कीज तो सोडून देतो. नवीन फील्ड आलं की बोंब व्हायला हवी असेल तरच डीकोडरवर डिसअलाऊअननोनफील्ड्स लाव, बाहेरच्या एपीआयला मी तरी लावणार नाही, त्यांनी उद्या एक फील्ड वाढवलं की तुझं सगळं बंद. फील्डची नावं मात्र कॅपिटलने सुरू कर, स्मॉल असली तर लायब्ररीला दिसतच नाहीत, एररही येत नाही.

० चं म्हणशील तर पॉइंटर ठेव. की आलीच नाही तर नील, ० आला तर ० कडे बोट दाखवणारा पॉइंटर. जेसनमध्ये नल (रिकामी व्हॅल्यू) आला तरी नीलच राहतो, म्हणून "पाठवलं नाही" आणि "मुद्दाम नल पाठवलं" हा फरक हवा असेल, अपडेटच्या रिक्वेस्टमध्ये लागतो बघ, तर पॉइंटर पुरत नाही. तिथे स्वतःचा टाइप कर आणि फील्ड पॉइंटर न ठेवता थेट ठेव, मग नल आला तरी त्याची अनमार्शलजेसन मेथड चालते, की नसली तर चालत नाही. मेथडमध्ये एक बूल (खरं-खोटं) फ्लॅग ट्रू केला की झालं.

आणि माझं अगदी ठाम मत, हा स्ट्रक्ट फक्त त्यांच्या जेसनसाठी ठेव. तुझ्या बाकीच्या कोडला वेगळा, स्वच्छ स्ट्रक्ट दे आणि मध्ये एक फंक्शन, जे तपासून भरेल. पॉइंटर आणि कोट्सवाली किंमत हे सगळं त्या फंक्शनपाशी थांबलं पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी बिलिंगच्या कोडमध्ये कुणीतरी नील चेक लिहीत बसतं आणि का लिहितोय ते कुणाला सांगता येत नाही.

गंजलेलाखेकडा:
रस्ट भाषेत सर्डी या लायब्ररीने हे बरंच आपोआप होतं, ऑप्शन टाइप (व्हॅल्यू असेल किंवा नसेल) नसलेलं फील्ड आलं नाही तर डिफॉल्ट सांगेपर्यंत पार्सच फेल होतं. गो ० भरून पुढे जातो ते मला कधीच पटलं नाही. पण एवढ्यासाठी भाषा बदल असं म्हणत नाहीये.

जुनासर्व्हर:
@पहाटकोड अनमार्शलजेसन मेथड लिहिताना एक जपून. तिच्या आत त्याच टाइपवर परत अनमार्शल केलंस तर ती स्वतःलाच बोलवत राहते आणि स्टॅक भरून प्रोग्रॅम पडतो. मेथडच्या आत त्याच टाइपवरून एक नवीन लोकल टाइप डिक्लेअर कर, फील्ड्स तीच राहतात पण मेथड येत नाहीत, त्यात पार्स कर आणि मग कन्व्हर्ट करून परत टाक. टाइप डिक्लेअर करताना मध्ये बरोबरचं चिन्ह (=) नको, ते दिलं की नुसतं दुसरं नाव होतं आणि मेथड तशीच चिकटून येते.