मदत हवी आहे: एआय एजंटसाठी टूलचं वर्णन किती आणि कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. कुबरनेटीस (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी प्रणाली) क्लस्टरच्या देखभालीसाठी एमसीपी सर्व्हरमार्फत (एजंटला बाहेरची टूल्स पुरवणारा दुवा) एजंट जोडतोय. अडलंय ते टूलच्या वर्णनांपाशी. उदाहरणार्थ, कॉर्डन आणि ड्रेन ही दोन टूल्स. कॉर्डन केलं की नोडवर (क्लस्टरमधल्या एका मशीनवर) नवे पॉड (ॲपचे चालणारे घटक) येत नाहीत, चालू असलेले तसेच राहतात. ड्रेन मात्र त्यांनाही तिथून काढतं. दोन्हींपुढे नुसतं 'नोड देखभालीसाठी तयार करतो' असं लिहिलं, तर एजंटने निवडायचं कशावरून? म्हणून 'कधी वापरू नये' हेही लिहितोय: पॉड डिसरप्शन बजेट (एका वेळी किती पॉड बंद होऊ द्यायचे याची मर्यादा) आडवं आलं तर जबरदस्ती नको, माणसाला विचार. पण वर्णनं फार लांबतायत आणि कॉन्टेक्स्टमधली (एजंट एका वेळी जेवढा मजकूर लक्षात घेऊ शकतो त्यातली) जागा खातात. परवानग्या आरबीएसीनेच (भूमिकेनुसार परवानगी देणाऱ्या व्यवस्थेने) आवळल्या आहेत, ते वर्णनाचं कामच नव्हे. प्रॉडक्शनवर असं चालवणाऱ्यांनी कृपया सांगा: असे इशारे वर्णनातच ठेवता, की टूलच्या एरर मेसेजमधून देता? एखादा नमुना दाखवलात तर फार मदत होईल.