मायचा केसपेपर मागणं म्हणजे डॉक्टरला छळणं?

कपाशीवाला, यवतमाळकडचा
काल इथं एकानं लिहिलं, "घरच्या माणसाच्या उपचाराची कागदं माहिती अधिकारात मागणारे डॉक्टरांना छळतात. नकार आला की गप बसावं." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

आई पावसाळ्यात सरकारी दवाखान्यात चार रात्री भरती होती. तिसऱ्या रात्री सलाईन संपून नळीत रक्त चढलं, मी वॉर्डभर सिस्टरला शोधत फिरलो. चौथ्या रात्रीनंतर सकाळी आई गेली. केसपेपर, नर्सिंग चार्ट आणि तिसऱ्या रात्रीचं ड्युटी रजिस्टर माहिती अधिकारात मागितलं. उत्तर एका ओळीचं: वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(ञ), नाकारण्यात येते. खाली जांभळा शिक्का. आईचा पोरगा तिच्या कागदांना परका? मी गप बसणार नाही. पहिलं अपील ३० दिवसांत करायचं असतं, माझे ९ उरलेत.

निवृत्त फार्मासिस्ट
ते मीच लिहिलं आणि मागे घेत नाही. आमच्याकडं एक जण दर महिन्याला अर्ज टाकायचा, मग 'मिटवून घेऊ' म्हणत यायचा. तुम्हाला केसपेपर हवा तर साधा अर्ज द्या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत ७२ तासांत द्यायचा आहे. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं ८(१)(ञ) आणखी कडक केलंय.

वर्धाकाठ
काका, ७२ तास कोनाले सांगता? माह्या भावाले वावरात साप चावला. दवाखान्यात गेलो तं डॉक्टर नाई, सिस्टर म्हने नागपूरले न्या. गाडी यायले दीड तास! भाऊ वाचला, पन त्या दीड तासाचा हिशोब कोन देनार?

निवृत्त फार्मासिस्ट
डॉक्टर नाही कारण पद भरत नाहीत! आमच्याकडचा एक डॉक्टर पोरगा दोन दोन दिवस सलग ड्युटी करायचा, जेवणाचा डबा टेबलावरच आंबायचा. क्वार्टरचं छत गळायचं. लोक कॉलर धरतात ती त्याचीच.

वर्धाकाठ
मंग पद भरा म्हनून आमीच बोंबलावं? तुमी खुर्चीत होते तवा काऊन नाई बोलले?

निवृत्त फार्मासिस्ट
तोंड सांभाळून बोला. तीन वेळा वर लेखी दिलं होतं.

शिक्षिका, अचलपूर
दोघंही थांबा. काका, पद रिक्त होतं हे ड्युटी रजिस्टरच सांगेल ना? ते दाबून तुमच्या त्या डॉक्टरचाच बचाव जातो. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मला असाच नकार आला होता. अपिलात तीन मुद्दे मांडले. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) नुसार माहिती अधिकाऱ्याची. दुसऱ्या रुग्णांची नावं झाकून बाकीचं द्या, ते कलम १०. आणि सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, ते कलम ८(२) अजून शाबूत आहे. सुनावणीत अधिकाऱ्यानं रजिस्टर आणलंच नव्हतं, पण आदेश माझ्या बाजूनं झाला.

भाऊ, वारस असल्याचा पुरावा जोडा. केसपेपरसाठी काका म्हणतात तो साधा अर्जही आजच द्या.

निवृत्त फार्मासिस्ट
रजिस्टरचं पटलं. ते खासगी नाही. 'मिटवून घेऊ'वाल्यांबद्दल मात्र माझं मत तेच. आणि कपाशीवाले भाऊ, आई त्या रात्री तशी होती हे मला ठाऊक नव्हतं.

कपाशीवाला
काका, मी मिटवायला नाही गेलो. तिसऱ्या रात्रीच्या रकान्यात काय लिहिलंय एवढंच बघायचंय. उद्या तहसीलला जाऊन २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणतो. ताई, तुमच्या अपिलाचा मसुदा पाठवता का?