मदत हवी आहे: ‘मी’ नाही, तर मग आठवतं कोणाला?

नमस्कार मंडळी. बौद्ध तत्त्वज्ञान वाचतोय आणि पंचस्कंधांपाशी, म्हणजे ‘मी’ ज्या पाच घटकांचा बनलेला मानतात त्यांच्यापाशी, गाडी अडली आहे. रूप, वेदना (सुखदुःखाची संवेदना), संज्ञा, संस्कार (मनाच्या प्रवृत्ती), विज्ञान (सायन्स नव्हे, जाणीव) ही नावं पाठ झाली, पण संज्ञा आणि विज्ञान यांतला फरक काही केल्या डोक्यात शिरत नाही.

काल ध्यानाला बसलो असताना शेजारच्या खोलीत फोन वाजला. आधी नुसता आवाज. मग ‘फोन’. मग ‘माझाच फोन’, आणि लगेच कपाळाला आठी. (उचलला मात्र नाही!) यातलं नुसतं ऐकू येणं म्हणजे विज्ञान आणि ‘फोन’ ही ओळख म्हणजे संज्ञा, असं म्हटलं तर चालेल का? आणि ‘माझाच’ हे कुठे टाकायचं, संस्कारात?

दुसरी अडचण जुनीच. मिलिंदपञ्हात, म्हणजे राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादाच्या पाली ग्रंथात, नागसेन म्हणतात, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नसते, पण वेगळीही नसते. दृष्टांत पटतो. पण ज्योतीला कालचं आठवत नाही, मला आठवतं. आत्मा न मानता थेरवादी (पाली ग्रंथ प्रमाण मानणारे बौद्ध) स्मृतीचा उलगडा कसा करतात? योगाचार या महायान बौद्ध पंथातलं आलयविज्ञान (कर्माची बीजं साठवणारी खोलवरची जाणीव) हे त्यावरचंच उत्तर का?

पाली जाणणाऱ्या कुणी सोप्या मराठीत सांगितलं तर बरं होईल. ‘अनुभव घ्या, कळेल’ हे उत्तर मिळून झालंय.