मदत हवी आहे: रिव्होकनंतर रीडमध्ये झोपलेली प्रोसेस उठली की कर्नल पॅनिक

नमस्कार मंडळी,

बीएसडी (युनिक्सची एक शाखा) वळणाचा छोटा कर्नल लिहितोय. लॉगिनच्या आधी टर्मिनल रिव्होक करतो, म्हणजे त्याचे आधी उघडलेले सगळे डिस्क्रिप्टर निकामी करतो. आधीच्या युजरची मागे राहिलेली प्रोसेस नव्या युजरचा पासवर्ड वाचू शकता कामा नये. ४.३बीएसडी-रेनोपासूनची ही सोय आहे आणि प्रश्न सुरक्षेचा असल्यामुळे अर्धवट ठेवायची नाहीये.

सोपा भाग चालतो. रिव्होक झाला की व्हीनोडला (उघडलेल्या फाइलचं कर्नलमधलं रूप) डेडएफएसची, म्हणजे मेलेल्या फाइलसाठीची, ऑपरेशन्स लावतो. जुन्या डिस्क्रिप्टरवर रीड केलं तर शून्य बाइट, राइट केलं तर ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर), क्लोज विनातक्रार.

अडतंय ते आधीच आत शिरलेल्या प्रोसेसपाशी. ती इनपुटची वाट बघत टीटीवायच्या (टर्मिनलच्या) रीडमध्ये झोपलेली असते. दुसरीकडून रिव्होक येतो, शेवटचा क्लोज होतो, टीटीवाय स्ट्रक्चर फ्री होतं. ती उठते आणि थेट जुन्या पॉइंटरवरून इनपुट क्यूला हात घालते. पॅनिक! व्हीनोड 'बॅड' झालाय का हे मी रीडच्या सुरुवातीला तपासतो, पण उठल्यावर त्या तपासणीचा काय उपयोग?

नुसता रेफरन्स काउंट (किती जण वापरताहेत याची मोजणी) पुरेल का? आणि उठलेल्या प्रोसेसला परत काय द्यायचं? डेव्ह-टीटीवायचंही (प्रोसेसला तिचं स्वतःचं टर्मिनल देणारी फाइल) तेच दुखणं: सेशनमधला (एका टर्मिनलवरच्या प्रोसेसच्या गटातला) पॉइंटर तपासेपर्यंत असतो, वापरताना नल झालेला.

प्रतिसाद:

रेफरन्स काउंट हवाच, पण त्याने फक्त पॅनिक थांबेल. टीटीवाय जिवंत राहिला आणि नव्या युजरने तोच उघडला, तर जुनी प्रोसेस उठून त्याचा पासवर्ड गिळेल. हे पॅनिकपेक्षा वाईट, कारण कुणाला कळणारही नाही.

टीटीवायमध्ये रिव्होकचा काउंटर ठेवा. झोपण्याआधी, लॉक हातात असतानाच, त्याची किंमत टिपून घ्या. उठून लॉक परत मिळाला की ताडून बघा. २००८ मध्ये फ्रीबीएसडीत आलेल्या नव्या टीटीवाय कोडमध्ये हेच आहे: किंमत बदलली असेल तर ईरीस्टार्ट. कॉल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, मेलेल्या व्हीनोडवर आदळतो आणि शून्य घेऊन परततो. डिव्हाइसच गेलं असेल तर ईएनएक्सआयओ ('असं डिव्हाइस नाही' हा एरर). लिनक्समध्ये हँगअप (टर्मिनल तोडणं) फाइलचं ऑपरेशन टेबलच बदलतो आणि रीडचा लूप उठल्यावर ते तपासतो.

डेव्ह-टीटीवायसाठी सेशन लॉकखाली व्हीनोडचा रेफरन्स घ्या, मग लॉक सोडा. पॉइंटर नल दिसला तर तिथेच ईएनएक्सआयओ. रेफरन्स घेतल्यावर रिव्होक झाला तरी तुमच्या हातात मेलेला व्हीनोड असतो, फ्री झालेली मेमरी नाही.

काउंटर वाढवणं आणि झोपलेल्यांना उठवणं एकाच लॉकखाली होतंय ना, तेवढं बघा. तो कोड इथे टाकलात तर नजर टाकतो.