एचडीआर लावलं की चित्र उलट काळवंडतं, असं का?

मदत हवी आहे. माझा मॉनिटर जेमतेम ४०० निट्सचा (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक). एचडीआर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारा मोड) सुरू केलं की रात्रीच्या प्रसंगात चेहरेसुद्धा दिसत नाहीत. साध्या मोडमध्ये सगळं ठीक.

वाचून एवढं कळलं की साधा व्हिडिओ सुमारे १०० निट्स धरून बनवतात आणि आपण ब्राइटनेस हवा तसा वाढवतो. एचडीआर१० या एचडीआरच्या प्रकारात उजेड आकड्यांत नोंदवायची जी पीक्यू पद्धत आहे, तिच्यात मात्र प्रत्येक आकडा म्हणजे ठरावीक निट्स, थेट १०,००० पर्यंत. त्यात डोळ्यांना अंधाराला नीट सरावायला अर्धा तास तरी लागतो, आणि माझ्या खोलीत दिवसभर ऊन!

मग दोष टोन मॅपिंगचा (म्हणजे व्हिडिओतला जास्तीचा उजेड मॉनिटरच्या कुवतीत बसवण्याचा) की खोलीतल्या उजेडाचा? पडदे ओढून फरक पडेल, की एचडीआर सरळ बंदच ठेवू? कुणी हे निस्तरलंय का?